जोडीतला दुसरा झगा

मी एक जुना जांभळा झगा आहे. मित्रांनो, श्रीमंत घरच्या पोरापोरींच्या भानगडींची ती मालिका तुमच्या ताया-दादांनी चवीने पाहिली असेल. तिच्या दुसऱ्या पर्वात मी काम केले. पण मला कोणी ओळखत नाही. ओळखतात ते माझ्या थोरल्या भावाला.

शिवणमावशींनी आम्हा दोघांना एकाच ताग्यातून बेतले. तो सोमवारी पुरा झाला, मी मंगळवारी. त्याला रेशमी अस्तर, मला साधे सुती. "हा नायिकेचा आणि हा पाण्यात पडायचा," असे म्हणत मावशींनी माझ्या गळ्यापाशी '२' आकड्याची पट्टी टाचली. तेव्हापासून माझ्या पोटात जे दुखू लागले, ते दुखतच राहिले.

कथेत नायिकेचे बिंग भर मेजवानीत फुटते. जिवलग मैत्रिणीचे खासगी पत्र तिनेच शाळाभर केलेले असते. चिडलेली मैत्रीण तिला पोहण्याच्या तलावात ढकलते. धक्का बसेपर्यंत पडद्यावर थोरला, पडताना मात्र मी! नायिकेऐवजी मला घालून पडायची ती उडीवाली ताई. एका दिवसात आम्ही सहा वेळा पडलो. माझा रंग उतरला, काठाला घासून ताईची पाठ सोलवटली. थोरला छत्रीखाली कोरडा ठणठणीत बसून होता. त्याच्यावर निदान सरबत तरी सांडावे, असे मला फार वाटले.

तो भाग गाजला. शिवणखोलीतल्या टीव्हीवर नायिकेची मुलाखत लागली. "तलावात मी स्वतःच पडले," ती हसून म्हणाली.

ताई तिथेच माप द्यायला उभी होती. "मावशी, पाठ माझी सोलली आणि टाळ्या हिला?"

बोल ताई, बोल! मी मनात म्हणालो.

दुसऱ्या दिवशी नायिका शिवणखोलीत ताईपाशी आली. "रागावलीस?"

"नाही तर काय नाचू?"

नायिका खाली बघत म्हणाली, "मला पाण्याची भीती वाटते गं. गुडघाभर पाण्यातही पाय लटपटतात. तू हसत उडी घेतेस ना, तेव्हा माझा नुसता जळफळाट होतो. निदान बोलण्यात तरी तुझ्यासारखं व्हावं, असं वाटलं."

ताईने विचारले, "म्हणजे मी तुझ्यावर जळते आणि तू माझ्यावर?"

"जळा दोघी, पण माझ्या इस्त्रीपासून लांब!" मावशी म्हणाल्या.

नायिकेने हळूच विचारले, "मला शिकवशील?"

"शिकवेन. पण आधी खरं सांग. चारचौघांत."

आठवड्याने त्याच मुलाखतीच्या कार्यक्रमात नायिकेने खरे सांगितले. मग रोज सकाळी ताई तिला पाण्यात उतरवू लागली. शेवटच्या भागात बुडणाऱ्या मैत्रिणीला वाचवायला नायिकेने स्वतः उडी घेतली, आणि तेव्हा तिच्या अंगावर मी होतो! काठावरून ताई ओरडली, "शाब्बास!" त्या भागाच्या शेवटी पडद्यावर ताईचे नाव झळकले.

माझे म्हणाल, तर मला ओलाच घडी करून पेटीत टाकले. थोरला काचेच्या कपाटात गेला. बाहेर लोक म्हणत, "हाच तो झगा!" आणि आत मी जळत, कुजत राहिलो. कित्येक महिन्यांनी मावशींनी पेटी उघडली आणि कपाळावर हात मारला. "अरे देवा, ओलाच ठेवला याला?" त्यांनी मला धुऊन उन्हात टाकले. वास गेला. बुरशीचे काळे डाग मात्र राहिले.

खोटे कशाला सांगू, थोरल्याचा हेवा मला अजून वाटतो. त्या दोघी मुली एकमेकींना बोलून तरी मोकळ्या झाल्या. मला तोंडच नव्हते. मित्रांनो, तुम्हाला आहे. म्हणून एवढेच मागतो, भिजलेला कपडा पेटीत कोंबू नका आणि जळजळही मनात कोंबू नका. दोन्हींना वेळेवर ऊन दाखवा.