मागची बाई

कसबा पेठेतली बजरंगची पिठाची गिरणी दुपारी एकला बंद होते म्हणजे होतेच. जगबुडी आली तरी तिला चारनंतर या म्हणून सांगतील. एक वाजायला दहा मिनिटं होती. आता एकच डबा दळून होणार होता आणि नंबर आपलाच, असं कुसुमताई आणि इंदुबाई दोघींचं म्हणणं होतं. कुसुमताईंची लेक अवनी तीनच्या गाडीनं नागपूरला निघायची होती, तिच्यासाठी थालिपिठाची भाजणी हवी होती. इंदुबाईंना ज्वारी हवी होती, नाहीतर म्हणे घर उपाशी मरणार होतं.

"माझा डबा पुढे होता. मी नुसती भिंतीला टेकले होते," कुसुमताई म्हणाल्या.

"मग डबा चालत मागे गेला वाटतं! पुढे मी उभी होते. विचारा त्या मुलीला."

समोरच्या पायरीवर उत्कर्षा वही घेऊन बसली होती. चित्रकलेच्या कॉलेजनं तिला रोज दहा 'सामान्य स्त्रिया' काढायला सांगितल्या होत्या, आणि कसब्यात त्या विनातिकीट बघायला मिळतात. तिनं वही पुढे केली. दोन मिनिटांचं पेन्सिलचं काम. दोन बायका. डबे नाहीत, चेहरेही नाहीत.

"नाक-डोळे कुठायत?" इंदुबाईंनी विचारलं.

"मुद्दाम नाही काढले, काकू. म्हणजे ती कुठलीही स्त्री असू शकते."

"कुठलीही नको, पुढची सांगा," बजरंग म्हणाला. "कोण ती?"

कुसुमताईंनी चष्मा चढवला. पुढची ताठ उभी होती, कुणीही म्हणून खपली असती. 'ती मी' म्हणायचा अवकाश, भाजणी दळून हातात. पण मागची? चार रेघा. सगळा भार डाव्या पायावर, उजवा गुडघा जरासा दुमडलेला, हात भिंतीवर, सहज ठेवल्यासारखा. हे 'सहज' त्या सहा महिने घरात वठवत होत्या आणि घरच्यांनीही न बघून उत्तम साथ दिली होती.

"मागची मी," त्या म्हणाल्या. "झकास काढलंयस गं. दे मला."

इंदुबाईंची ज्वारी गिरणीत पडली. एकच्या ठोक्याला शटर पडलं.

घरी अवनीनं भाजणीऐवजी हातात आलेला कागद निरखला.

"आई, ही तूच. गुडघा दुखतोय? दाखवलास का कुणाला?"

"मी कुठे दाखवला? तिनंच बघितला."

"चप्पल घाल. डॉक्टरांकडे जाऊ."

"तेही चारला उघडतात. तुझी गाडी तीनची."

अवनीनं बॅग उचलून परत आतल्या खोलीत नेली.

"मग डबाही घे," ती आतून म्हणाली. "चारला दोन्ही उरकू."