तुपाची तामली आणि गोळ्यांची बाटली

मित्रांनो, मी एक जुनी पितळी तामली आहे, तूप वाढायची. गोल पोट, आखूड मान आणि पुढे चिमणीच्या चोचीसारखी बारीक तोटी, असा माझा घाट आहे. परवा एका पाहुण्या मुलीने मला हातात घेऊन विचारले, "ही खेळण्यातली किटली का?" मी काय बोलणार! पण ज्या घरात माझ्यावाचून कुणी पहिला घास घेत नसे, त्याच घरात हे ऐकावे लागले, याचे वाईट वाटलेच.

माझा जन्म अमरावतीच्या एका तांबटाच्या दुकानात झाला. त्याने मला ठोकून ठोकून गोल केले, आतून कल्हई चढवली आणि दुकानाच्या दर्शनी फळीवर मांडले. मोर्शीचे एक गृहस्थ मुलीच्या लग्नाची भांडी घ्यायला आले होते. त्यांनी मला उचलले. अशी मी सिंधूबाईंच्या रुखवतात बसून अकोल्याला, वामनराव वकिलांच्या घरी आले.

तो काळ माझ्या थाटाचा होता. पाने मांडली, भात-वरण वाढले, तरी वामनराव हात जोडून बसून राहत. भातावर तूप पडले की अन्न शुद्ध झाले, मगच जेवायचे, अशी त्या घराची रीत होती. तिला अन्नशुद्धी म्हणत. खरे तर तिला एक थेंब पुरतो. पण वामनरावांची थोरली बहीण बेबीताई वाढायला आल्या की थेंबाची धार होई आणि धारेचे तळे होई. ताई तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आल्या होत्या. धाकट्या भावावर त्यांचा फार जीव, आणि तो सगळा माझ्या तोटीतून वाहत असे. मलाही त्याचा गर्व होताच. डाळीच्या डावाशी मी कधी बरोबरीने बोलले नाही.

त्या घरात एकच दुखरी जागा होती. वामनरावांचे थोरले भाऊ मोरोपंत पन्नाशीही न गाठता गेले होते. ना ताप, ना खोकला. जेवता जेवता छातीवर हात ठेवला आणि संपले. दर अक्षय्यतृतीयेला, म्हणजे आमच्या वऱ्हाडातल्या आखजीला, गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. सासू-सासऱ्यांच्या घागरींशेजारी मोरोपंतांची घागर भरताना सिंधूबाईंची नजर नकळत नवऱ्याकडे जाई. मी जवळच असे, म्हणून मला ते दिसे.

पुढे एकोणीसशे साठ साल उलटल्यावरची गोष्ट. वामनराव एका खटल्यासाठी अमरावतीला निघाले होते. बडनेऱ्याला गाडी बदलताना पुलाच्या पायऱ्यांवर त्यांच्या छातीत कळ आली आणि ते घामाघूम होऊन खाली बसले. कसेबसे परत आले ते थेट डॉक्टर चिंतामणरावांकडे. डॉक्टर त्यांचे शाळेतले मित्र. त्यांनी वामनरावांच्या पापण्यांच्या कोपऱ्यातले पिवळसर चट्टे पाहिले, मोरोपंतांचे विचारले आणि रक्त तपासायला नागपूरला पाठवले. उत्तर आले, तेव्हा डॉक्टर स्वतः घरी आले.

"वामन, तुह्या रक्तात कोलेस्टेरॉल लय वाढलं," ते म्हणाले. "मेणासारखी वस्तू असते ती. थोडी साऱ्यांनाच लागते. पण तुमच्या घराण्यात जादाच दिसून राहिली. रक्ताच्या नळ्यांच्या आतून थर धरते." मग त्यांनी मला उचलले आणि माझ्या तोटीवर बोट ठेवले. "थंडीत हिच्या तोंडात तूप थिजते ना, तसं समज. हिले शेगडीजवळ ठेवलं की मोकळी होते. तुले कुठं ठेवू?"

एवढ्या गंभीर बोलण्यात आपले नाव निघावे, याचा मला आधी आनंदच झाला. मग अर्थ कळला.

डॉक्टरांनी एक लहानशी तपकिरी बाटली दिली. आत पांढऱ्या गोळ्या होत्या, निकोटिनिक ॲसिडच्या. "भरल्या पोटी घेजो. आधी थोड्या, मंग मी वाढवीन. तोंड लाल होईन, आग होईन, खाजही सुटन. हळूहळू कमी होते ते. अन् तूप, साय बंद." वामनरावांनी मान हलवली. वकील माणूस, दुसऱ्याचे बोलणे शब्दन् शब्द ध्यानात ठेवणारा. पण स्वतःच्या जिवाची गोष्ट आली की अर्धेच ऐकायचा. बाटली कोनाड्यात माझ्या शेजारी आली. एवढीशी ती, ना घाट ना चकाकी! मला ती मुळीच आवडली नाही.

काही दिवस बरे गेले. मग चतुर्थी आली. त्या दिवशी वामनरावांचा चंद्रोदयापर्यंत कडक उपास असे, चहा तेवढा चाले. गोळी चुकायला नको म्हणून त्यांनी ती सकाळीच, रिकाम्या पोटी, कढत चहाबरोबर घेतली आणि कोर्टात गेले. उलटतपासणी ऐन रंगात आली असताना त्यांचे तोंड, कान, मान लालबुंद झाली. अंगावर मिरची चोळल्यासारखी आग उठली. न्यायाधीशांसमोर कॉलर ओढत ते बाहेर पडले आणि टांग्यात बसून घरी आले.

बेबीताईंनी भावाला पाहिले आणि कपाळावर हात मारला. "अरे बाप्पा! औषध उष्ण पडलं तुले. काहून घेऊन राहिला हे इख, हे जहर?" उष्णता झाली की तूप, हे त्यांना कुणी शिकवायला नको होते. त्यांनी काशाची वाटी आणली, माझ्यातले तूप घेऊन भावाचे तळपाय चोळले आणि वर वाटीभर तूप-साखर खायला घातली. तासाभरात लाली उतरली. ती तशीही उतरणारच होती. पण श्रेय मला मिळाले. बाटली कोनाड्यातून लोणच्याच्या बरणीमागे गेली.

"आता बरं वाटून राहिलं," वामनराव रोज म्हणत. सिंधूबाई गोळीचे नाव काढत, तेव्हा म्हणत, "अवं, कुठं दुखत असंन तर औषध घ्यावं ना!" मित्रांनो, या दुखण्याची खोड अशी की ते दुखतच नाही. सिंधूबाई गप्प बसत. थोरल्या नणंदेपुढे बोलायची त्यांना सवय नव्हती. ताई मला रोज काठोकाठ भरत होत्या, आणि सिंधूबाई मला विसळताना माझ्याकडे अशा बघत की माझे कौतुक मलाच नकोसे झाले.

आखजी आली. घागरी भरल्या, पुरणपोळ्या झाल्या, डॉक्टर जेवायला आले. ताईंनी वामनरावांच्या पोळीवर तुपाची धार धरली. डॉक्टरांचा हात ताटावरच थांबला.

"वामन, गोळ्या?"

वामनराव चाचरले. तेव्हा सिंधूबाई दारातून पुढे आल्या. "बंद केल्या त्यायनं. चतुर्थीले उपाशी पोटी चहासंगं घेतली, आग आग झाली, तवापासून."

"उपाशी? कढत चहासंगं?" डॉक्टर हसले, पण ते हसू टिकले नाही. "अरे, मंग भडका उडणारच. ते औषधाचं वागणं आहे, इख नाही. मले विचारलं काहून नाही? असं आपल्या मनानं बंद करू नाही, अन् मनानं वाढवूही नाही. अंग पिवळं दिसलं, भूक मेली, तर लगेच ये. मधून मधून रक्त तपासू, लिव्हरही पाहू. पण गोळीवर भरवसा ठेवून तूप वरपणं, अन् तूप सोडलं म्हणून गोळी सोडणं, दोन्ही सारखंच."

"अन् माह्या भावाच्या पानावर तूपच नाही?" बेबीताई म्हणाल्या. "बिना अन्नशुद्धीचं जेवंन का तो?"

सिंधूबाईंनी मांडलेल्या घागरींकडे पाहिले. त्या नणंदेपुढे कधी एवढे बोलल्या नव्हत्या.

"ताई, मोठ्या भाऊजींच्या पानावर आपण कधी कमी वाढलं नाही. आज त्यायची घागर भरली म्या. त्या घागरीजवळ अजून एक भरायची ताकद माह्यात नाही."

ताई मला हातात धरून तशाच उभ्या होत्या. वामनरावांनी तुपाने भिजलेली पोळी बाजूला सारली आणि पानावर हात आडवा धरला. सिंधूबाईंनी पांढरा भात वाढला. तेव्हा ताईंनी मला अलगद तिरपे केले. एकच थेंब पडला. "झालं शुद्ध," त्या म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या. मी जन्मभर इतके तूप वाढले, पण त्या थेंबाएवढी माया मी कधी वाढली नाही.

पुढच्या आठवड्यात कुर्बानभाई कल्हईवाले आले. सिंधूबाईंनी मला रिकामे करून पुढे ठेवले. "तूप तं बंद केलं म्हणता बाई, मंग कल्हई काहून?" त्यांनी विचारले. "तिच्यात आता औषध राहीन," सिंधूबाई म्हणाल्या. कुर्बानभाईंनी मला भट्टीवर धरले, नवसागर टाकला आणि आतून चांदीसारखे केले. ती तपकिरी बाटली माझ्या पोटात बसली. भातावरचा थेंब आता चमच्याने पडे. माझी पाळी ताकभात संपल्यावर येई, म्हणजे गोळी कधी रिकाम्या पोटी पडत नसे. चतुर्थीलाही चंद्र पाहून, जेवण झाल्यावरच. ताई शेजारी बसून भावाचे तोंड न्याहाळत. "झाला लाल, गेली गोळी पोटात," म्हणत आणि निर्धास्तपणे सुपारी कातरत. रक्तातला आकडा हळूहळू उतरला. डॉक्टर म्हणाले, "उतरला म्हणून थांबायचं नाही."

मित्रांनो, आता नवी औषधे आली. त्या गोळ्या आता सहसा कुणी देत नाही म्हणतात. पण तुमच्या घरातही कोनाड्यात एखादी बाटली असेल. ती बरणीमागे जाऊ देऊ नका. गोळीने त्रास झाला तर डॉक्टरांना विचारा, आणि काही दुखत नसले तरी विचारल्याशिवाय सोडू नका. मला घासूनपुसून ठेवले नाही तरी चालेल.

त्या एका थेंबानंतरच्या पुढच्याच आखजीला सिंधूबाईंनी घागरी मांडल्या, तेव्हा मी कोनाड्यातून डोळे लावून बसले होते. गेल्या वर्षी होत्या तेवढ्याच होत्या.