गालातलं बदक

जानेवारीतल्या रविवारी गालेत कापायची म्हणजे घरातल्या सगळ्यात लहान माणसाने टेबलाखाली जायचं. बदामाचं सारण भरलेल्या त्या खुसखुशीत केकवर सुरी टेकवून वरून विचारायचं, "हा कुणाला?" आणि खालून नाव यायचं. म्हणजे वशिल्याला वाव नको. ज्याच्या तुकड्यात चिनीमातीचं चिमुकलं बदक निघेल तो राजा. त्याने कागदी मुकुट घालायचा आणि सगळ्यांदेखत आपली राणी निवडायची.

तिबो सोळा वर्षांचा. मार्सो त्याच्याहून थोडा लहान, म्हणून पाहुणा असूनही तोच वाकून खाली गेला. घरच्यांच्या लेखी मार्सो म्हणजे गणिताच्या अभ्यासाचा सोबती. शाळा सुरू झाल्यापासून दोघं खोलीचं दार लावून गणित करत होते आणि तिबोचे गुण वीसपैकी सातावर आले होते. कालच मार्सो म्हणाला होता, "मला गणित होऊन राहण्याचा कंटाळा आलाय. उद्या घरात सांग, नाहीतर सोमवारपासून तुझी वाट वेगळी, माझी वेगळी." हा पोरगा बोलला तसं करणारा होता, हीच तर पंचाईत.

त्यात सोलांज आत्याने औषधवाल्याची क्लेमाँस आणून तिबोशेजारी बसवली. लग्नं जुळवायची हौस आत्याला दांडगी, स्वतःचं तेवढं सोडून.

"हा कुणाला?" बाबांनी विचारलं.

"आत्यांना."

"आणि हा?"

"तिबोला," मार्सो खालून म्हणाला आणि त्याच्या पोटरीला एक चिमटाही काढला.

दुसऱ्याच घासाला तिबोच्या दाढेखाली काहीतरी कडक लागलं. बदक. क्लेमाँसला निवडावं तर मार्सो गेला. मार्सोला निवडावं तर बाबा काय म्हणतील? ते त्याला खरंच ठाऊक नव्हतं आणि भीती नेमकी तीच होती. त्याने बदक गालात सारलं आणि पुढचा घास घेतला.

मार्सोही वर येऊन खायला बसला. ताटल्या रिकाम्या झाल्या, बदक काही निघेना.

"बेकरीवालीने घातलंच नाही," बाबा उठले. "गेल्या वर्षी बदाम कमी, यंदा बदक गायब. आत्ताच जाऊन विचारतो तिला." त्यांनी कोट अंगात चढवलासुद्धा. तिच्याशी भांडायला त्यांना निमित्तच हवं असायचं.

"तिबो, गाल का रे सुजलाय?" आत्या म्हणाली.

"दाढ," तिबो कसाबसा बोलला.

मार्सोने त्या गालाकडे एकदाच पाहिलं. "काका, जाऊ नका. बदक मला आलं होतं. मी गिळलं."

"मेल्या, चावून खायला नाही का शिकवलं कुणी?" आत्याने छातीवर हात ठेवला.

"गिळलं तरी राजा तो राजाच." बाबांनी त्याच्या डोक्यावर मुकुट बसवला. "निवड राणी."

"क्लेमाँस सोडून हं," आत्या घाईने म्हणाली.

"मग तुम्हीच, आत्या."

सगळे हसले. मार्सोही हसला, पण तिबोकडे बघेना. तिबोला स्वतःची भयंकर लाज वाटली. उद्या सोडून जाणारा हा पोरगा आज त्याच्यासाठी खोटं बोलून चारचौघांत हसं करून घेत होता.

त्याने तोंडात बोटं घातली आणि बदक ताटलीत टाकलं.

"राजा मी आहे," तो म्हणाला. "आणि मी मार्सोला निवडतो. गणितासाठी नाही."

क्लेमाँसने सुटल्यासारखा श्वास टाकला आणि उरलेला चुरा स्वतःकडे ओढला. बाबांनी बदकाकडे पाहिलं, मग पोराकडे, मग परत बदकाकडे.

"तरीच सात," ते म्हणाले. मग कोट काढून खुर्चीला अडकवला. "पुढच्या रविवारची गालेत राजाने आणायची, नियम आहे. दोघं मिळून आणा. आणि बदाम बघून घ्या."

"म्हणजे माझं राणीपण गेलं का?" आत्याने विचारलं.

मार्सोने मुकुट उतरवून तिबोच्या डोक्यावर ठेवला.

"सोमवारी बसमध्ये माझी जागा धर," तो म्हणाला.