काजूतेलाचे सात हात

धाकू बाणे सकाळपासून गोठ्याकडे अकरा फेऱ्या मारून आला होता. गोठ्यात गुरं नव्हती, ट्रॅक्टर होता. त्याच्या कार्बोरेटरखाली ठेवलेल्या करवंटीत दर चार श्वासांना पेट्रोलचा एक थेंब पडत होता, आणि तो अजून पडतोय याची खात्री करून धाकू दर वेळी परत येत होता.

ट्रॅक्टर विलायती, पेट्रोलवर चालणारा, धाकूपेक्षा दोनच वर्षांनी लहान. बोटीवर नोकरी करणाऱ्या त्याच्या बापाने तो मुंबईच्या गोदीतल्या लिलावात घेतला, तेव्हा लांज्यापर्यंत आणायला नऊ दिवस लागले होते. गावात ते अजून सांगतात, फक्त आता नवाचे सतरा झालेत. आंब्याच्या बागेत पाण्याची टाकी ओढायची, एवढंच त्याचं काम. पण पावसाळाभर उभा राहून दिवाळीला बाहेर काढला, तेव्हापासून तो गळायला लागला, आणि शेजारीच वर्षाचा पेंढा रचलेला. डोंबिवलीहून सुजयने, म्हणजे मुलाने, फोनवर अगदी शांतपणे सांगितलं की रविवारी दुपारपर्यंत गळती थांबली तर ट्रॅक्टर राहील, नाहीतर किनाऱ्यावरचा एक रिसॉर्टवाला तो शोभेला मागतोय, त्याला देऊन टाकायचा. मुलगा ओरडला असता तर धाकूने भांडून घेतलं असतं. शांतपणापुढे त्याचा इलाज चालेना, म्हणून त्याने ताठ मानेने शब्द दिला.

ताठ मानेचं कारण महिपत. हा खेडच्या एसटी डेपोतून निवृत्त झालेला मेकॅनिक, धाकूचा जुना दोस्त. गेले तीन दिवस तो मुक्कामाला होता. पहिल्या दिवशी त्याने कार्बोरेटर उघडून कचरा काढला, दुसऱ्या दिवशी नवी सुई बसवली, तिसऱ्या दिवशी वायसर बदलला. दर वेळी पेट्रोलचा कॉक उघडला की दोघे श्वास धरून उभे राहत, आणि थेंब त्यांच्या श्वासाची वाट न बघता पडे.

आज रविवार. बाराला येणारा रिसॉर्टचा मॅनेजर समर्थ दहालाच टेम्पो घेऊन हजर झाला. गुणी पोरगा. आल्याबरोबर वाकून नमस्कार केला आणि ट्रॅक्टर मावेल का म्हणून टेप काढून टेम्पो मोजायला लागला.

"आजोबा, काळजी करू नका, सीट आम्ही काढणार नाही. सीटवर सदाफुली, बॉनेटमधून बोगनवेल."

धाकूने त्याला चहा दिला. दारात आलेल्याला चहा द्यावाच लागतो, यात त्याचा नाइलाज होता. मग तो बाराव्या फेरीला निघाला. वाटेत त्याने पेट्रोलपंपवाल्याला शिव्या घातल्या, सुई विकणाऱ्या दुकानदाराला घातल्या, आणि महिपतच्या चष्म्याला मनातल्या मनात घातल्या. स्वतःला घालायचं त्याच्या डोक्यात आलं नाही. बहात्तर वर्षांत तसा प्रसंगच आला नव्हता. गेल्या वर्षी गोदूबाईचं शिलाईमशीन अडकलं, तेव्हासुद्धा त्याने बायकोला तिचा हात जड आहे असं समजावून सांगितलं होतं. तिने मशीनवर झाकण घातलं ते घातलंच.

गोठ्यात महिपतने घमेल्यात पेट्रोल ओतून त्यात फ्लोट सोडला होता. फ्लोट म्हणजे लिंबाएवढी पोकळ पितळी डबी. पेट्रोल भरत आलं की ती तरंगत वर येते, सुईला ढकलते आणि वाट बंद करते. ही डबी मात्र डबक्यातल्या म्हशीसारखी डोळ्यांपर्यंत बुडून बसली होती.

"भोक नाय," महिपत बोटं खाजवत म्हणाला. "गरम पाण्यात धरला, बुडबुडा नाय. कानाशी हलवला, आत थेंब नाय. नुसता जड झालाय. हाडं पण जड होतात म्हातारपणी, पण पितळ?"

डबीवरचा काळाकुळकुळीत रंग कंपनीचाच असणार, असं त्याचं मत होतं. नखाने खरवडून पाहिला, पण पक्का रंग. असला फ्लोट आता मिळायचा नाही, तेव्हा टेम्पोवाल्याला फळ्या लावायला सांग, असं म्हणून तो पुन्हा बोटं खाजवायला लागला.

धाकूला एकाएकी उकडायला लागलं. तो दारापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला.

तेवढ्यात गोदूबाई चहा घेऊन आली. कप देताना तिने महिपतचा हात धरूनच ठेवला. बोटांची टोकं काळी पडून फोड आले होते.

"भावजी, ह्यो काजूचा तेल उतलाय. काजूत कशाला हात घातलात?"

"काजू कुठला, वयनी? तीन दिवस त्या सुईशिवाय नि ह्या डबीशिवाय कशाला शिवलो नाय."

महिपतने डबीकडे पाहिलं. गोदूबाईने डबीकडे पाहिलंच नाही, तिने नवऱ्याकडे पाहिलं.

काजूच्या टरफलाचं काळं तेल कातडीला लागलं की फोड येतात, तरी पावसाआधी सगळं गाव ते लावतं. दारांना, नांगराला, शिडीला. वाळवी येत नाही, ओल धरत नाही. पितळेपर्यंत मजल मारणारा गावात एकच माणूस होता. तो आता दारात उभा होता आणि बाहेर समर्थची टेप खुळखुळत होती. गप्प राहिलं असतं तर बायको बोलली नसती, हे धाकूला पक्कं माहीत होतं. चाळीस वर्षं ती बोलली नव्हती.

"मी लावतो," धाकू खांबाला उद्देशून म्हणाला. "मे महिन्यात. खारा वारा बाधू नये म्हणून."

"किती हात?" महिपतने विचारलं.

"सालाला एक. सात झाले. यंदाचा जरा जाड बसला."

महिपतने कप खाली ठेवून डबी उलटसुलट करून पाहिली. "आतून नाय ना लावलास?"

"आतून कसा लावणार, मेल्या? बंद डबी ती."

"तेवढा उपकार केलास."

हाताला खोबरेल चोपडून, वर पिशव्या बांधून महिपतने काचेच्या तुकड्याने सातही हात खरवडून काढले. पितळ उजेडात आलं. घमेल्यात सोडल्यावर डबी टुणकन वर आली. कार्बोरेटर जोडला, कॉक उघडला. चार श्वास झाले, चाळीस झाले, करवंटी कोरडी. हँडल मारल्यावर ट्रॅक्टर तिसऱ्या झटक्याला खोकून चालू झाला. समर्थने टेप गुंडाळली आणि चालू ट्रॅक्टरचा व्हिडिओ काढून सुजयला धाडला.

गोदूबाई घरात गेली, शिलाईमशीन दोन्ही हातांनी उचलून अंगणात घेऊन आली आणि महिपतच्या पुढ्यात ठेवून तिने झाकण काढलं.

"भावजी, हिच्या पोटात पण जरा बघा."

धाकू तोवर सीटवर चढला होता. कलमांना पाणी घालायचं राहिलंय असं मोठ्याने सांगून तो बागेकडे निघाला. पाण्याची टाकी गोठ्यातच राहिली.