मोहनाची फळी

माझी सून उड्या मारते. हसा, हसा! बडोद्याच्या कारेलीबागेत हे वाक्य मी कुणाला सांगितलं की समोरची बाई आधी हसते आणि मग विचारते, "अजून?" अजून म्हणजे काय? लग्न झालं म्हणून पाय काढून कपाटात ठेवायचे? मोहना लांब उडीत आणि शंभर मीटरमध्ये राज्याची अजिंक्यवीर आहे, तीही वर्षानुवर्षं. राष्ट्रीय स्पर्धेतून सोनं आणलंय तिने. रेल्वेतली नोकरीही त्याच जोरावर मिळाली, कुणाच्या वशिल्याने नाही.

धावणं लोकांना कळतं. जो आधी पोचला तो जिंकला, संपलं. उडीचं मात्र कुणाला काही पडलेलं नसतं. "एवढं पळून शेवटी मातीतच पडायचं ना, सुनेत्रावहिनी?" असं आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष धनाजीराव मला एकदा म्हणाले होते, आणि आपल्याच विनोदावर पोट धरून हसले होते. मी हसले नाही. त्यांनी ते पाहिलंही नाही म्हणा.

मग मोहनाचा घोटा गेला. तोही उडीच्या पायाचा. ऑपरेशन झालं, कुबड्या झाल्या, आणि घरी येणारा प्रत्येक जण चहा पिता पिता तिला रिटायर करून जाऊ लागला. "आता बास कर, घराकडे बघ." घराला काय धाड भरली होती? घर मी बघत होते. पण ही पोरगी चिवट. पाय बरा झाला, ती धावायला लागली, वेगही परत आला. उडी तेवढी येईना. धावत उडीच्या फळीपर्यंत यायची आणि थबकायची. एक पाय पुढे टाकायची, परत मागे घ्यायची.

"आई, खाली आपटेन असं वाटतं हो," म्हणायची.

"अगं, खाली वाळू आहे!"

"माहितेय मला. पायाला माहीत नाही."

आमच्या मंडळाच्या मैदानाच्या कोपऱ्यात वाळूचा एक जुना खड्डा होता. पोरं त्याला पिट म्हणतात. वाळू कसली, नुसता दगड झाला होता, आणि त्यात काचा, बाटल्यांची बुचं, काय नाही ते. माझ्या मुलाने, निहारने, ओरसंग नदीची नवी वाळू मागवली. बांधकामवाल्यांची मोठी चाळणी घेऊन मी रोज सकाळी ती चाळायला बसायची. गुडघे बोंबलत होते, बोंबलू दे म्हटलं. उडी घ्यायची लाकडी फळी निहारने जमिनीत बसवली, तिला मोहनाने स्वतः पांढरा रंग दिला. आणि एका सकाळी ती धावत आली, फळीवर पाय आपटला आणि थांबलीच नाही. वाळूत बसून लहान मुलीसारखी रडली. मीही रडले. चाळणी हातातच होती.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात आशियाई स्पर्धेसाठी संघाची निवड होती. शंभर मीटरमध्ये आता तिच्याहून वेगवान पोरी आहेत, हे मोहना स्वतःच सांगते. उडी मात्र अजून तिची आहे. या वयात पुढची संधी येईल अशी आशा तीही करत नव्हती. तिला हवं काय होतं? रोज उडी मारायला वाळू, जेणेकरून पायातली भीती परत येऊ नये. मोठ्या स्टेडियमचं पिट दुरुस्तीला काढलेलं, म्हणजे उरलं आमचंच.

आणि नेमकी तेव्हाच मंडळाला तिचा सत्कार करायची हुक्की आली. दसऱ्याच्या दिवशी, शाल, श्रीफळ, भाषणं, मग आपट्याची पानं वाटायची. मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. उशिरा का होईना, दखल घेतली म्हटलं.

अष्टमीला माझ्या माहेरी डभोईला कुळाचार असतो. आम्ही दोघी गेलो, ते नवमीच्या रात्री परतलो. दसऱ्याला सकाळी शस्त्रपूजा केली. निहार रिफायनरीत आहे, तो आपले पाने आणि पक्कड मांडतो. मोहना आपले खिळ्यांचे बूट. मी बुटांना हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं. दसऱ्याला एक तरी उडी मारायचीच, असा तिचा नेम. म्हणून पूजा उरकून आम्ही मैदानावर गेलो.

पिट नव्हतं.

म्हणजे जागा होती, पण तिथे स्टेज होतं. खड्ड्यात मुरूम ओतून, रोलर फिरवून, जमीन फरशीसारखी टणक केली होती आणि त्यावर लाल गालिच्याचं भलंमोठं स्टेज उभं होतं. मागे मोहनाचा हसरा फोटो, मोहनाच्याच दुप्पट. आणि स्टेजवर चढायला विटा रचून पायरी केली होती. त्या विटांवर काय टाकलं होतं माहितेय? आमची फळी. उपटून काढलेली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मंडळाचा सेक्रेटरी उन्मेष माइकच्या वायरी सोडवत होता. चांगला शिकलेला मुलगा आहे, बँकेत आहे. त्याला म्हटलं, "अरे, हे काय केलंत?"

"काय झालं, काकू?"

"पिट कुठंय?"

"ते होय! अहो, खड्डाच तर होता. स्टेज कलत होतं, म्हणून बुजवला. आता बघा कसं मस्त झालंय."

"आणि तिनं उडी कुठं मारायची?"

"दिवाळीनंतर उकरून देऊ की. आत्ता दिवाळी पहाटपण इथेच आहे. तोवर धावू दे ना तिला, धावायला सगळं मैदान मोकळं आहे." मग माझा चेहरा पाहून अगदी गोड आवाजात म्हणाला, "आणि काकू, केलं कुणासाठी? मोहनावहिनींसाठीच ना? चालशे!"

चालशे! म्हणजे गुजरातीतलं 'चालेल'. बडोद्यात जन्म गेला माझा, हा शब्द मी रोज ऐकते, रोज वापरते. भाजीत मीठ कमी पडलं, चालशे. रिक्षात चौथा माणूस बसला, चालशे. पण त्या सकाळी तो शब्द ऐकून माझी त्याला एक ठेवून द्यायची इच्छा झाली. दसऱ्याचा दिवस म्हणून हात आवरला.

मोहनाने मुरमावर टाच आपटून पाहिली. मग स्टेजच्या कडेला बसली आणि घोट्यावरून हात फिरवत म्हणाली, "जाऊ द्या आई. मी उडीतलं नाव काढून घेते. शंभर मीटर तेवढं धावेन."

"म्हणजे हरायलाच जाणार?"

"खाली पाहिलंत ना? आता फळी दिसली की मला हेच दिसणार."

मला तिचाही राग आला. तिचा, निहारचा, सगळ्यांचा. निहार तर घरी म्हणाला, "आई, सणासुदीला वाद नको." सणासुदीला खड्डा बुजवलेला चालतो, वाद तेवढा चालत नाही!

दुपारी सत्कार. मोहना काठापदराची हिरवी साडी नेसली, कारण मी नेसवली. येणारच नाही म्हणत होती. म्हटलं, चल, तुझा फोटो एकटाच किती वेळ हसेल?

मैदान भरलं होतं. पाहुणे एकेक करून फळीवर पाय देत वर चढत होते. धनाजीराव चढले, त्यांच्या मोजडीचा मातकट ठसा पांढऱ्या रंगावर उमटला. मोहनाची पाळी आली तेव्हा ती फळीशी थांबली, साडी आवरली आणि बाजूने, स्टेजच्या कडेला हात टेकून वर गेली. लोकांना वाटलं, काय चपळ आहे! टाळ्या वाजल्या.

धनाजीरावांनी माइक धरला तो सोडेनात. मोहना बडोद्याची हरिणी, मोहना मंडळाची शान, मोहना आपल्या मुलींचा आदर्श. आणि मग म्हणाले, "पण खरं कौतुक सासरच्यांचं! लग्नानंतरही त्यांनी सुनेला उड्या मारायची परवानगी दिली!"

परवानगी! मी बसल्या जागेवरून ओरडले, "परवानगी तिने कुणाकडे मागितली नव्हती, आणि आम्ही द्यायला बसलो नव्हतो! तिला वाळू लागते, धनाजीराव! ती तुम्ही बुजवलीत!"

लोक वळून बघायला लागले. निहारने माझा पदर ओढला. धनाजीराव हसले, अगदी पूर्वीसारखे. "वहिनी रागावल्या! अहो, एका खड्ड्याचं काय घेऊन बसलात? बोल, मोहना, तुला आणखी काय देऊ? आज मागशील ते!"

आणि माइक तिच्यापुढे धरला. तिच्या खांद्यावर शाल, हातात नारळ. तिने माइक घेतला नाही. शालीची व्यवस्थित घडी केली, नारळ तिच्यावर ठेवला आणि दोन्ही धनाजीरावांच्या हातात दिलं. स्टेजच्या कडेवरून अलगद खाली आली, ऑपरेशन झालेल्या त्याच पायावर. वाकली आणि फळीला हात घातला. विटा ढासळल्या. फळी तिने पदराने पुसली, काखेत मारली आणि थेट माझ्याकडे आली.

"आई, चाळणी घ्या बरोबर. डभोईला तुमच्या माहेरी, मामांकडे राहू. ओरसंगच्या काठाला वाळूला काय तोटा आहे?"

"आणि नाव?"

"उडीतच आहे माझं नाव."

मी उठले. निहारही उठला, गाडीची किल्ली शोधत. मागे सगळे पाहुणे स्टेजवर, आणि खाली उतरायला पायरीच नाही.

"अगं मोहना!" धनाजीराव शाल-नारळ सांभाळत कडेशी आले. "अगं, फळी कुठं नेतेस? आम्ही उतरू कसे?"

मोहना वळली. शांतपणे म्हणाली, "उडी मारा ना, काका. खाली मुरूम छान दाबलाय तुम्ही. चालशे!"

आणि चालू लागली. तिने मागे वळून पाहिलं नाही. मी पाहिलं, दोनदा पाहिलं. उन्मेष खुर्ची शोधत धावत होता, आणि धनाजीराव स्टेजच्या कडेला उभे राहून एक पाय खाली सोडत होते आणि परत वर घेत होते.