एक कमी

आमच्या आत्याला शिकवण्यापेक्षा भिंतीवर डोकं आपटलेलं परवडलं. दवाखान्यातल्या चादरींच्या कोठीवर ती एकतीस वर्षं आहे, आणि एकतीसच्या एकतीस वर्षं हंगामी. कायम व्हायचं तर दवाखान्याची लेखी परीक्षा पास व्हायची, त्यात इंग्रजीचा पेपर. पंचावन्न झाली की परीक्षेला बसू देत नाहीत, आणि आत्याला परीक्षेच्या पुढच्याच महिन्यात पंचावन्न पूर्ण होणार होती. म्हणजे ही शेवटची संधी. नापास झाली की पेन्शनच्या नावानं बोंब.

शिकवायला मी, तिची भाची. स्त्रीलिंग-पुल्लिंगाच्या जोड्या पेपरात हमखास येतात, म्हणून तिथूनच सुरुवात केली. पण बाईसाहेब पाठ करायला तयार नाहीत, प्रत्येक जोडीची चौकशी करायची. काउ आणि बुल एकाच गोठ्यातले, मग नावं इतकी परकी का? ॲक्टरची ॲक्ट्रेस होते, तर डॉक्टरनं काय घोडं मारलंय? ब्राइडवरून ब्राइडग्रूम झालं हे मात्र तिला फार आवडलं, दिवसभर एकटीच हसत होती. नेफ्यूपाशी तर गाडी पार अडली. भाचा की पुतण्या ते आधी सांग म्हणाली. दोन्ही, म्हटलं. मग त्यांच्यात कोण कोणाचं ते कळतं कसं, यावर तिनं माझा अर्धा तास खाल्ला. माझ्या डोक्याचा भुगा झाला. तरी महिनाभरात चाळीस जोड्या तिच्या तोंडात बसवल्या मी.

परीक्षेच्या दिवशी रजा टाकून व्हरांड्यात उभी राहिले. आत्या बाहेर आली ती पडलेल्या चेहऱ्यानं. बाकी सगळं चुकतमाकत लिहिलं, पण नेफ्यूच्या समोरचा शब्द काही केल्या आठवेना, जागा कोरीच राहिली. म्हणजे बघा, भाचीचाच शब्द, आणि भाची महिनाभर समोर बसून घसा कोरडा करतेय. मी कपाळावर हात मारून घेतला. तेवढ्यात आतून कारकुनानं हाक मारली, की बाई, सही राहिलीय, बिनसहीचा पेपर बाद होतो.

विसरभोळी कुठची, म्हणत मी तिला ओढतच आत नेलं. पण ती विसरली नव्हती. मोजणी पुरी नसेल तर सही करायची नाही, हा तिच्या कोठीचा नियम. कागदावर चाळीस चादरी आणि गठ्ठ्यात एकोणचाळीस निघाल्या, तर ती आधी काय कमी आहे ते लिहिते, मग सही करते. एकदाच तिनं घाईत न मोजता सही केली होती, आणि हरवलेल्या एका चादरीपायी तिच्या हाताखालच्या बाईचं काम गेलं. हे सगळं मला माहीत होतं. पण अगं, हा पेपर आहे, चादरींचा गठ्ठा नाही.

कारकुनानं पेपर तिच्यापुढे ठेवला आणि शिक्का शोधायला तो कपाटाकडे वळला. त्याची पाठ आमच्याकडे. मी तिच्या कानाशी वाकले.

"नीस. आत्या, नीस. लिही पटकन."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग पेन टेकवलं, कोऱ्या जागेवर आडवी रेघ ओढली आणि शेजारी लिहिलं, 'एक कमी'. खाली सावकाश पूर्ण नावाची सही केली.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. घरी पोचेपर्यंत मी तिला वाटेल ते बोलले. हट्टी म्हटलं, मोठी आलीस खरेपणाची म्हटलं. ती पिशवी सांभाळत चालत राहिली.

आठवड्यानं दवाखान्याच्या फळ्यावर निकाल लागला. इंग्रजीत पास व्हायला पस्तीस हवे होते, एका जोडीला एक मार्क. आत्याला चौतीस. मी ती ओळ बोट ठेवून तीनदा वाचली, आणि मग तिथेच, सगळ्यांच्या देखत, मला रडू फुटलं. तिचा राग, माझा राग, त्या मेल्या शब्दाचा राग. सांगितलं होतं ना गं तुझ्या कानात, एवढंच मी पुन्हा पुन्हा म्हणत होते.

आत्यानं ओठ हलवत आकडा वाचला. मग तिनं माझे डोळे पुसले.

"रडू नकोस," ती म्हणाली. "बरोबर मोजलंय त्यांनी. एक कमीच होतं."