दार वाजवणारा

मेल सर्व्हरशी जोडणी मागण्याला ऑफिसातल्या आमच्या कॉम्प्युटरवाल्यांच्या खोलीत 'दार वाजवणं' म्हणतात. मिनिटभरात कुणी फारच वेळा दार वाजवलं, की सर्व्हरची राखण करणारी फायरवॉल त्याला तासभर बाहेर ठेवते. हा नियम मीच लिहिलेला, चोरांसाठी. आणि त्यात अडकत कोण होतं, तर माझी सख्खी वहिनी.

दादा गेल्यापासून आईला एकटं सोडता येत नाही, म्हणून वहिनी घरूनच आमच्या ऑफिसचं काम करतात. पण त्यांचा मेल रोज बंद पडायचा. साहेबांनी शेवटचं सांगितलं, "ऑफिसात येऊन बसा, नाहीतर नोकरी सोडा." माझं डोकं फिरलं. नियमातली मर्यादा वाढवून पाहिली, तसूभरही फरक नाही. शेवटी सर्व्हरच्या नोंदी उघडून बसलो. दार आमच्याच घरून वाजत होतं, पण नाव वहिनींचं नव्हतं. दादाचं होतं. तोही आमच्याच ऑफिसात होता; तो गेल्यावर त्याचं खातं मी माझ्या हाताने, रडत रडत बंद केलं होतं.

वहिनींना फोन लावला. "घरातून कुणीतरी सारखं दार वाजवतंय. मी त्याला बाहेर ठेवलंय. घरातल्या सगळ्यांचा इंटरनेटचा पत्ता बाहेर एकच दिसतो, म्हणून तुम्हीही अडकताय."

त्यांनी शोधलं. दादाचा मोबाइल आईच्या कपाटात सापडला, त्याच्या शर्टांच्या घड्यांखाली, चार्जरला लावलेला. बंद खात्याचा मेल मागत बसला होता बिचारा.

"बंदच करते मी हा," वहिनी म्हणाल्या. तेवढ्यात आईने तो हिसकावून घेतला. स्पीकरवर तिने सगळं ऐकलं होतं.

"तो दार वाजवतोय," ती मला म्हणाली, "आणि तू बाहेर ठेवलंस त्याला? सख्ख्या भावाला?"

आता हिला फायरवॉल काय, कपाळ समजावणार? मी मुकाट्याने दादाचं खातं उघडून दिलं. दार वाजायचं थांबलं. तिकडे मोबाइल टुणटुण करायला लागला, ऑफिसची साचलेली पत्रकं, दुसरं काय. आई त्याच्याशी बोलू लागली. जेवलास का रे, विचारत होती. मला ऐकवेना, मी फोन ठेवला.

त्यानंतर वहिनींचा मेल एकदाही अडला नाही. नोकरी वाचली म्हणून मी खूश होतो. आणि सोमवारी बघतो तर वहिनी ऑफिसात, माझ्या समोरच्या टेबलावर.

"अहो वहिनी, आईपाशी कोण आहे?"

त्यांनी मान वर केली नाही. "ते आहेत ना," म्हणाल्या.